काळ्या धातूवरील चतुर

शके १८८०, आश्विन शुद्ध नवमी, सकाळी नऊ वाजता, सातारा जिल्ह्यातील मौजे धामणखिंड येथे, खडकजाईच्या देवळाच्या सभामंडपात, मी त्र्यंबक गंगाधर साठे, एका खालसा झालेल्या संस्थानाच्या वस्तुसंग्रहालयाचा अभिरक्षक, एका वस्तूची परीक्षा करण्यासाठी उपस्थित होतो. परीक्षेची मागणी लेखी होती. तिच्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या होत्या आणि निर्णय काहीही लागला तरी तो मान्य करण्याची हमी होती.

खंडेनवमीमुळे देवीसमोरच्या लांब चौरंगावर गावातली सगळी हत्यारे मांडलेली होती. तलवारी, गुप्त्या, एक ठासणीची बंदूक, नांगराचे फाळ, शिंप्याची कात्री, न्हाव्याचा वस्तरा. प्रत्येकाला झेंडूचे फूल. मधोमध लाल वस्त्रावर तळहाताएवढी जागा मोकळी होती. खांबाला बांधलेला बोकड आपल्याच गळ्यातली माळ खाली ओढून शांतपणे खात होता.

"त्या मोकळ्या जागंचा तंटा हाय, साठेसाहेब," पोलीस पाटील मला म्हणाले. "हातघाईत शत्रूला पाडून त्याच्या अंगावरची वस्तू ज्यानं आणली, त्याची वस्तू मधी. आन देवीची तलवार त्याच्या हातात. बोकड त्यानंच एका घावात उतरायचा. ह्यो मान. आमच्या गावात घरटी एक शिपाई, त्यामुळं मान म्हंजी लई झालं."

"हा मान पूर्वी कोणाकडे होता?"

"फडतऱ्यांकडं. तीन पिढ्या. ह्याच्या आज्यानं सरहद्दीवरनं पठाणाचा सुरा आणलेला." पाटलांनी उजवीकडे बसलेल्या माणसाकडे बोट केले. तो शिदोजी फडतरे, पलटणीतून नाईक म्हणून परतलेला, चाळिशीचा, सडपातळ. एका पायाची मांडी घालून बसलेला आणि दुसरा पाय न दुमडता पुढे पसरलेला. "मग लढाई सपली आन हैबतीनं जपानी अंमलदाराच्या तलवारीचं नक्षीकाम आणलं. सुऱ्यापरास ते वरचढ ठरलं. मान जगदाळ्यांकडं गेला. शिदूचा बाप त्या सालीच वारला. आता शिदूचा अर्ज हाय, ती वस्तू पारखून घ्या म्हनून."

हैबती जगदाळे, हवालदार, डावीकडे उभा होता. उंच, छातीवर तीन पदके, उजव्या हाताची शेवटची दोन बोटे मुळापासून नाहीत. तो आणि शिदोजी एकाच पलटणीत, एकाच कंपनीत होते, हे मला अर्जावरून ठाऊक होते.

रिवाजाप्रमाणे मानकऱ्याने वस्तू ठेवण्यापूर्वी तिची हकीकत देवीला सांगायची असते. हैबतीने ती सांगितली. तेरा वर्षे सांगून तिचे शब्द गुळगुळीत झाले होते.

"ब्रह्मदेशाच्या वेशीवरची टेकडी. तीन दिस पाणी न्हवतं. चौथ्या सकाळी धुकं, आन धुक्यातनं ती आली. आमच्या गोळ्या सपल्या हुत्या. मग संगिनी. त्यो अंमलदार माझ्यावर आला, तलवार दोन्ही हातांत धरून. मी रायफल आडवी घातली. लाकूड फाटलं, ही दोन बोटं गेली. मग मी गुडघ्यावर बसलो आन खालनं वर संगीन घातली. बेंबीपाशी. ती निघंना. त्याच्या छातीवर पाय देऊन उपसावी लागली. त्यो माझ्याकडं बघत हुता. मग न्हवता बघत."

"दरसाली त्यो जपानी वीतभर वाढतुया," शिदोजी म्हणाला. "पुढच्या साली देवळाच्या दारातनं आत यायचा न्हाई."

मंडपात हशा पिकला. हैबती हसला नाही, रागावलाही नाही. त्याने शिदोजीकडे एकदा पाहिले आणि खादीच्या रुमालात बांधलेली वस्तू माझ्या हातावर ठेवली.

ती अडीच अंगुळे लांब, बदामाच्या पानाच्या घाटाची होती. मी भिंग लावले. पाया काळा होता. पण तो काळेपणा मळाचा नव्हता, गंजाचाही नव्हता. जांभळाच्या सालीवर जशी निळसर झाक असते तशी त्या काळ्यावर होती. त्यावर एक चतुर, पावसाळ्यात उडतो तो कीटक, बसलेला. त्याचे अंग सोन्याच्या तारेचे, डोळे लाल तांब्याचे, आणि चारही पंख करड्या धातूचे, इतके पातळ की खालची कोरलेली बोरूची पाने त्यांतून दिसावीत असा भास व्हावा.

एका पंखाजवळ मात्र काळा रंग गेला होता आणि तिथे तांबडा डाग उघडा पडला होता.

"हे कोणी केले?"

खांबाआडून हैबतीची बायको, गजराबाई, पुढे आली. "म्या केलं, साहेब. पैल्या सालीच. हत्यारं उजळायची म्हनून चिंच-राख घेतली आन चोळाया बसले. घरातली समदी पितळ-तांब्याची भांडी मी लखलखीत ठेवते, मग ह्येच काळं का ठेवायचं? तर ह्यांनी हात धरला. म्हनले, सोड, तसंच ऱ्हाऊ दे."

"त्यांनी बरे केले," मी म्हणालो, आणि मंडपाकडे वळून बोलू लागलो. मला बोलणे आवडत असे. विशेषतः ज्यांना विषय ठाऊक नाही त्यांच्यापुढे. "हा काळेपणा हेच या वस्तूचे मोल आहे. जपानी कारागीर तांब्यात शंभराला चार-पाच भाग सोने मिसळतात आणि क्षारांच्या पाण्यात उकळून त्यावर हा रंग आणतात. आपला तांबट ज्याला डाग समजून घासून काढील, तोच त्यांच्या मते शृंगार. पंख तांबे आणि रुपे यांच्या मिश्रणाचे आहेत. काम जपानी आहे, याविषयी मला शंका नाही."

"आन चतुर कशापायी?" पाटलांनी विचारले. "आमची पोरं त्याच्या शेपटीला दोरा बांधत्यात."

"चतुर उडताना मागे सरत नाही, अशी त्या लोकांची समजूत आहे. म्हणून तो त्यांच्या शिपायांचा कीटक. विजयाचे चिन्ह. तलवारीच्या मुठीवर तो हमखास सापडतो."

मंडपातून आरोळी उठली. कोणी तरी हलगीवर थाप मारली. पुजाऱ्याने देवीची तलवार उचलून हैबतीच्या हातात दिली. रिवाजाप्रमाणे वस्तू ठेवताना ती मानकऱ्याच्या हातात असावी लागते. शिदोजीने मान खाली घातली.

मग मी वस्तू उलटी केली.

पाठ सपाट होती आणि तिच्यावर दोन लहान आडव्या कड्या डाखाने, म्हणजे धातू वितळवून, जोडलेल्या होत्या. एका कडीत लाल दोऱ्याचा तुकडा अडकला होता. मी तो चिमट्याने काढला, भिंगाखाली पाहिला आणि टिपणवहीत त्याचे रेखाटन करून शेजारी लिहिले: सुती, लाल, गाठी तीन. मी काहीही न नोंदता सोडत नसे.

"हलगी थांबवा," मी म्हणालो.

"का वो?"

"हे तलवारीचे नाही."

हैबतीच्या चेहऱ्यावर काही हलले नाही. शिदोजीने मान वर केली.

मी क्रमाने सांगितले. सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी जपानच्या सरकारने लोकांना तलवार बाळगण्याची बंदी केली. तलवारींची नक्षी करणारे शेकडो कारागीर एका दिवसात निरुद्योगी झाले. तेच हात, तोच काळा धातू, तेच चतुर आणि लाटा आणि बगळे घेऊन ते मग दागिने घडवू लागले. मुठीवर बसवायच्या नक्षीला मागे खुंटी असते. या वस्तूला कड्या आहेत, आणि त्या मागाहून जोडलेल्या नाहीत. डाख मूळचा आहे. या कड्यांतून चपटी दोरी ओवतात आणि ती दोरी कमरपट्ट्यावरून बांधतात.

"कुणाच्या कमरपट्ट्यावरनं?" शिदोजीने विचारले. आवाज अगदी हळू होता.

"स्त्रियांच्या. हा बायकांचा दागिना आहे."

एवढ्या माणसांचा श्वास एकदम अडकला की जो आवाज होतो तो मी प्रथमच ऐकला.

"बाईच्या अंगावरचं!" मागून कोणी तरी ओरडले. "लढाईत बाई कुठनं आली रं, हवालदारा? का लढाई झाल्यावर आली?"

"बाई मारली!"

"मारली का आणखी काय केली, त्येबी इचारा!"

गजराबाईने पदर तोंडात धरला. पाटील हात वर करून सगळ्यांना बसवू लागले. हैबती जागचा हलला नव्हता. मी त्याला विचारले, आणि मला स्मरते की माझा स्वर न्यायाधीशाचा होता:

"हवालदार, आपण अर्जाच्या उत्तरात लिहून दिले आहे की ही वस्तू तलवारीच्या मुठीवरून निघाली. हे खरे की खोटे?"

"खोटं," हैबती म्हणाला. "तलवार आमच्या सायबानं नेली. हे बघून त्योच म्हनला, मुठीवर असतंय तसलं हाय. मी तेच धरलं. तलवारीचं म्हनलं की लोकांना कळतंय. पन हे त्याच माणसाच्या अंगावरचं. त्याच्या पोटाला बांधलेलं हुतं. कापडाचा पट्टा हुता, सदऱ्याच्या आतनं. त्यात शिवलेलं."

"प्रथम मूठ, आता पट्टा."

"खरं सांगतुया, साहेब."

"पुरुष स्त्रीचा अलंकार पोटाला बांधून लढाईवर जात नाही. कोणत्याही देशात जात नाही. तो पट्टा कोठे आहे?"

हैबती शिदोजीकडे वळला. तलवार अजून त्याच्या हातात, टोक जमिनीकडे.

"शिदू. तू सांग. पट्ट्याचं तू सांग."

सगळ्यांचे डोळे शिदोजीवर गेले. तो पसरलेल्या पायावर हात ठेवून बसला होता. बोकडाने माळ संपवून खाली पडलेले फूल तोंडात घेतले होते.

"कसला पट्टा?" शिदोजी म्हणाला.

मी हैबतीकडे पाहत होतो, म्हणून मी ते पाहिले. त्याचा चेहरा रागाने फुलला नाही. तो रिकामा झाला. दोन पावलांत तो शिदोजीजवळ पोचला. शिदोजीने उजवा हात डोक्यावर आडवा धरला आणि तलवार त्या हातावर कोपराच्या खाली उतरली. ओली फांदी मोडल्यासारखा आवाज आला. हात चौरंगावर पडला, फाळांच्या आणि कात्रीच्या मध्ये, आणि त्याची बोटे मिटली. रक्ताची पहिली चिळकांडी देवीच्या वस्त्रावर गेली, दुसरी माझ्या टिपणवहीवर.

हैबतीने तलवार पुन्हा उचलली. पाटील त्याच्या कमरेवर कोसळले. चार जणांनी त्याला पाडले, आणि पाडल्यावर मारले. काठीने, लाथांनी, कोणी तरी नांगराचा फाळ उचलून त्याच्या बरगड्यांवर घातला. "बाईमाऱ्या!" असे प्रत्येक घावाबरोबर ओरडत होते. तो ओरडला नाही. खांबाचा दोर तोडून बोकड रक्तातून घसरत बाहेर पळाला. गजराबाईने आपले लुगडे फाडले. मला वाटले ती नवऱ्याकडे जाईल. पण ती शिदोजीपाशी बसली आणि त्याच्या तुटलेल्या हाताला ती चिंधी आवळू लागली.

मी दागिना रुमालात गुंडाळला, पंचांसमोर मोहोर लावली आणि वेळ लिहिली.

खटला सत्र न्यायालयात चालला. मी साक्ष दिली. सरकारी वकिलांनी विचारले की आरोपी चिडण्याचे कारण काय असावे, आणि मी म्हणालो, तेरा वर्षांचे असत्य उघड झाले, हे. बचावाच्या वकिलांनी पट्ट्याची गोष्ट काढली. मी ती सप्रमाण खोडून काढली. न्यायाधीशांनी माझ्या मांडणीची प्रशंसा केली. हैबतीला काही सांगायचे आहे काय असे विचारले, तेव्हा त्याने साक्षीदारांच्या बाकाकडे पाहिले. तिथे शिदोजी बसला होता, बाही पिनेने वर टाचलेली. हैबती म्हणाला, "काई न्हाई." सात वर्षे सक्तमजुरी झाली. तिसऱ्या वर्षी तो तुरुंगातच वारला. बरगड्या नीट सांधल्याच नव्हत्या, असे मी ऐकले.

मुद्देमाल म्हणून जप्त झालेला दागिना यथावकाश आमच्या संग्रहालयाकडे आला. मी त्याला काचेच्या पेटीत ठेवले आणि खाली पट्टी लिहिली: स्त्रियांचे कटिभूषण, जपान, मिश्र धातू.

सोळा वर्षांनी, एका पावसाळी दुपारी, ओकुमुरा नावाचे एक जपानी गृहस्थ दुभाष्यासह संग्रहालयात आले. धातुकामाचे अभ्यासक, वय पन्नाशीच्या पुढे. त्या पेटीपुढे ते फार वेळ थांबले. मी त्यांना माझी जुनी टिपणवही आणून दाखवली. रेखाटने अचूक आहेत, असे ते म्हणाले, आणि मला आनंद झाला. मग त्यांचे बोट एका ठिकाणी थांबले.

"हा दोरा सुती होता?"

"सुती. मी भिंगातून पाहिला."

"स्त्रियांच्या कमरेची दोरी रेशमी असते. आणि या गाठी?"

"तीन. लाल."

त्यांनी वहीच्या त्या पानावरच्या तपकिरी डागांकडे पाहिले, पण ते कशाचे आहेत असे विचारले नाही. दुभाषा त्यांचे बोलणे वाक्यावाक्याने सांगत गेला. युद्धावर जाणाऱ्या माणसासाठी त्याच्या घरातली बाई पांढऱ्या सुती कापडाचा पट्टा घेऊन रस्त्यावर उभी राहते. येणाऱ्या-जाणाऱ्या हजार बायकांकडून लाल दोऱ्याची एकेक गाठ त्यावर मारून घेते. तो पट्टा शिपाई सदऱ्याच्या आत पोटाला बांधतो. त्यात नाणे शिवतात.

"माझ्या पट्ट्यात आईने नाणे शिवले होते," ओकुमुरा म्हणाले. "या बाईने स्वतःचा दागिना शिवलेला दिसतो. चतुर पुढे जातो. मागे सरत नाही. तिला वाटले असेल, लढाईत हा बरोबर असावा." मग त्यांनी विचारले, "हा ज्याने आणला, त्याने पट्ट्याविषयी काही सांगितले नाही का?"

मी म्हणालो, त्याने सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी मी दागिना पेटीतून काढला आणि धामणखिंडीला गेलो. गजराबाई गाव सोडून माहेरी गेली होती आणि तिथेच वारली होती. मी शिदोजीच्या दारी गेलो. तो ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा दातांनी फोडत होता. डाव्या हाताने एकेक शेंग तोंडाशी न्यायची, टरफल थुंकायचे. त्याने मला ओळखले.

"बसा, साहेब. हात जोडता येत न्हाईत."

मी त्याला मान कोणाकडे आहे असे विचारले.

"माझ्याकडंच आला हुता की. तुमच्या निवाड्यानं. पैल्या साली डाव्या हातानं बोकड उतराया गेलो. तीन घाव लागलं. बोकड निम्मा तुटलेला, मंडपभर आरडत फिरत हुता. बायका देऊळ सोडून पळाल्या. तवापासनं कोहळा कापत्यात. कुनीबी कापतंय. मधली जागा रिकामीच असती."

मी ओट्यावर रुमाल उलगडला. चतुर दिसताच त्याचे चावणे थांबले. मी त्याला ओकुमुरांचे सगळे बोलणे सांगितले: बाई, रस्ता, हजार गाठी, पट्टा. तो मान न हलवता ऐकत होता. माझे संपल्यावर त्याने धोतर मांडीपर्यंत वर घेतले. पसरलेल्या त्या पायाच्या मांडीवर, आत, वीतभर लांब, खोल गेलेला व्रण होता.

"हे तलवारीचं हाय," तो म्हणाला. "दरसाली हैबती देवीम्होरं सांगायचा, त्यो माझ्यावर आला. त्यो त्याच्यावर आलाच न्हवता. माझ्यावर आला हुता. मी खंदकात पाठीवर पडलेलो, रायफल कुठं गेली ठावं न्हाई. एक घाव मांडीवर बसला. दुसरा गळ्यावर येत हुता, त्यो हैबतीनं रायफलीवर घेतला. त्याची बोटं माझ्या छातीवर पडली, साहेब. मी ती हातानं झटकली. आन त्यो जपानी माझ्याच अंगावर मेला."

"आणि पट्टा?"

"रगात थांबंना. तवा हैबतीनं मेल्याच्या पोटाचा पट्टा काढला. त्यात ह्यो चतुर हुता. त्यो दातानं उसवून खिशात टाकला आन पट्टा माझ्या मांडीला आवळला. दोन दिस बांधलेला हुता. लाल गाठी हुत्या त्याला, लई. मी झोळीत पडून त्या मोजीत हुतो, जीव जाऊ नये म्हनून. दवाखान्यात जाळला त्यो पट्टा."

"हे त्याने कधीच कसे सांगितले नाही?"

"कसं सांगंल? शिदू फडतरे पाठीवर पडलेला, असं देवीम्होरं म्हनायचं? आमच्या घरात तीन पिढ्या मान हुता." त्याने एक शेंग उचलली आणि परत ठेवली. "मी समदं जानून हुतो, पन माझा बाप मान गेला म्हनून खाटेवर पडून मेला. त्याचं मला लई सलत हुतं. तुमाला अर्ज मीच केला. पट्टा कुठं असंल असं तुमी इचारलंसा, तवा मला सांगता आलं असतं. तोंडात आलं हुतं."

मी विचारले, तो हे पाटलांपुढे, पंचांपुढे सांगेल काय.

"आज खंडेनवमी न्हवं, पन चला," तो म्हणाला.

त्याने दागिना डाव्या हातात घेतला. आम्ही देवळात गेलो. पाटलांचा मुलगा आता पाटील होता. त्याला आणि पारावरच्या पाच-सहा म्हाताऱ्यांना बोलावले. चौरंग भिंतीला उभा टेकवून ठेवलेला होता. शिदोजीने तो मांडायला लावला, त्यावर जुने लाल वस्त्र अंथरायला लावले आणि चतुर बरोबर मधल्या जागी ठेवला. मग त्याने त्या सगळ्यांना मला सांगितले तेच, त्याच क्रमाने सांगितले. पाठीवर पडलेला मी, हेही.

शेवटी नव्या पाटलाने विचारले, "मग काय म्हनता, शिदूनाना? निवाडा काय?"

"मान हैबतीचा हुता," शिदोजी म्हणाला. "मी खोटं बोललो."